मालकाला न दिसणारे रंग

लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखल झाले आणि तिथं त्यांच्या लक्षात आलं, की काही रंग आपल्याला नीट ओळखताच येत नाहीत. रंगांधळा माणूस चित्रकार कसा होणार? मग ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, कडबाकुट्टी केली, लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आज ती सांगली जिल्ह्यात येते. इथवरची गोष्ट आपल्याकडे शाळकरी पोरंही सांगतील. पुढची गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. कारखान्याला दहा वर्षं झाली तेव्हा, १९२० साली, वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं एक लहानसं पत्र निघू लागलं. ते चालवायचे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव, म्हणजे आपले शं. वा. किर्लोस्कर. शं. वा. चित्रं काढत, व्यंगचित्रं काढत आणि लिहीतही फक्कड. काकांना रंग दिसत नव्हते. त्यांच्या कारखान्याची ओळख लोकांना करून द्यायचं काम रंग दिसणाऱ्या पुतण्याकडे आलं.

हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला मात्र त्यात धंद्यातलं एक मोठं सत्य दिसतं. आपल्या मालाच्या बाबतीत प्रत्येक मालक थोडाफार रंगांधळा असतो. माल त्याने घडवलेला असतो, त्यामुळे तो त्याला आतून दिसतो. गिऱ्हाइकाला तो बाहेरून दिसतो. लोखंडी नांगर बनवणाऱ्याला ओतकाम दिसत होतं, फाळाची धार दिसत होती. शेतकऱ्याला वेगळंच दिसत होतं. लोखंड मातीत गेलं की जमीन विषारी होते, असा तेव्हाचा समज होता. पहिले नांगर खपेनात, त्यामागे हा समज होता. नांगर किती मजबूत आहे हे हजार वेळा सांगून तो विकला गेला नसता. शेतकऱ्याच्या मनातली भीती आधी कुणीतरी ओळखायला हवी होती, मग ती शेतात उभं राहून घालवायला हवी होती.

जाहिरात संस्थेचं खरं काम हेच आहे: मालकाला जे दिसत नाही ते त्याला दाखवायचं आणि मग ते गिऱ्हाइकाला पटेल अशा शब्दांत सांगायचं. साताऱ्या-सांगलीकडच्या बहुतेक उद्योजकांची जाहिरात संस्थेकडून अपेक्षा मात्र याहून फार खाली असते. संस्था निवडताना आणि तिच्याबरोबर काम करताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका त्या कमी अपेक्षेतून येतात, असं माझं म्हणणं आहे.

पोळी कुणाची, टाळी कुणाची

कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत एखाद्या कारखानदाराला विचारा, तुमची जाहिरात कोण बघतं? उत्तर बहुधा असं येतं: ‘आमचं सगळं अमक्या एजन्सीकडे आहे. फोन केला की जाहिरात लागते. डिझाईनचे पैसेही घेत नाहीत.’ या शेवटच्या वाक्यात सगळी मेख आहे.

ती संस्था मग जगते कशावर? वर्तमानपत्राच्या कमिशनवर. मान्यताप्राप्त जाहिरात संस्थेला वर्तमानपत्रं जाहिरातीच्या बिलावर पंधरा टक्के कमिशन देतात, हा आपल्याकडचा जुना रिवाज. तुम्ही एक लाखाची जागा घेतली, की संस्था पंधरा हजार ठेवून घेते आणि पंच्याऐंशी हजार पेपरला पोचते करते. तुमच्या खिशातून वेगळं काही जात नाही, म्हणून ती सेवा तुम्हाला फुकट वाटते. पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. संस्थेची पोळी पेपरकडून येत असेल, तर ती टाळी कुणाची वाजवेल?

या गुंत्याला इतिहास आहे. जाहिरात संस्था जन्माला आल्या त्याच मुळी जागेचे दलाल म्हणून. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फिलाडेल्फियासारख्या शहरांत हे दलाल वर्तमानपत्रांची जागा ठोक घेत आणि किरकोळीनं विकत. जागा पेपरची, दलालही पेपरचा. १८७० च्या दशकात तिथल्याच एन. डब्ल्यू. एअर अँड सन या संस्थेनं जाहिरातदाराशी उघड करार करायला सुरुवात केली: जागेचा खरा दर किती, आमचं कमिशन किती, हे सगळं तुमच्यासमोर, आम्ही काम करणार ते तुमच्यासाठी. आधुनिक जाहिरात संस्था खऱ्या अर्थानं तिथं जन्मली, असं मानायला हरकत नाही. आपल्याकडे १९०५ साली गिरगावात बी. दत्ताराम अँड कंपनी सुरू झाली. भारतीयांनी काढलेल्या पहिल्या जाहिरात संस्थेचा मान तिला दिला जातो. म्हणजे मराठी मुलखात हा धंदा शंभराहून अधिक वर्षं जुना आहे. तरीही आपल्या जिल्ह्यांतले पुष्कळ व्यवहार अजून एअरच्या आधीच्या काळातच अडकलेले आहेत.

कमिशनवर जगणारी संस्था वाईट असते असं मी म्हणत नाही. निविदा सूचना द्यायची आहे, श्रद्धांजली छापायची आहे, दुकानाचं उद्घाटन कळवायचं आहे, तर जागेचा दलालच हवा आणि तो चोख काम करतो. तेव्हा लागतं ते जागेचं काम. विचाराचं काम त्याच माणसाकडून, त्याच हिशेबात करून घ्यायला गेलं की गडबड होते. तुम्ही जितका जास्त खर्च कराल तितकी ज्याची कमाई वाढते, तो तुम्हाला ‘यंदा दिवाळीची पुरवणी सोडा, त्या पैशात आधी पाकीट बदला’ असं का सांगेल? मोबाइलवरच्या जाहिरातींतही हेच दुखणं नव्या वेशात आलंय. किती खर्च केला त्याच्या टक्केवारीवर संस्था पैसे घेते आणि खर्च वाढवणं हीच तिची सूचना ठरते.

उपाय साधा आहे, पण आपल्या व्यापारी स्वभावाला जड जातो. विचाराचे पैसे वेगळे ठरवा आणि ते स्वतः द्या. महिन्याचा मेहनताना ठरवा किंवा कामागणिक रक्कम ठरवा. जागेवरचं कमिशन कुणाला किती मिळतंय ते कागदावर मांडून घ्या. ‘फुकट डिझाईन’ नाकारायला लागा. वर्षाला चार लाखांच्या जाहिराती देणारा कारखानदार नकळत साठ हजार कमिशनपोटी मोजतोच आहे. हेच पैसे सल्ल्याचे म्हणून मोजले, तर निदान सल्ला मागायचा हक्क तरी मिळतो.

पश्चिम महाराष्ट्र नावाचा तालुका नाही

आता निवडीकडे येऊ. आपल्याकडे यावरचा वाद बहुधा ‘पुण्याची की इथलीच’ इथं येऊन थांबतो. पुण्या-मुंबईच्या संस्थेकडे गेलं की काम देखणं होतं, पण त्यांना इथलं काही कळत नाही; इथल्या संस्थेला सगळं कळतं, पण काम फ्लेक्सच्या पुढं सरकत नाही, असं म्हटलं जातं. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. पण गाव हा निकष धरला की खरा निकष सुटतो: ही संस्था गिऱ्हाइकाला ओळखते का आणि ओळखत नसेल तर ओळखून घ्यायची तिची तयारी आहे का?

साताऱ्या-सांगलीत हे पारखणं सोपं आहे, कारण दोन्ही जिल्हे आतून दुभंगलेले आहेत. कृष्णाकाठचे कराड, वाळवा, पलूस उसाचे. हाती पैसा येतो तो कारखान्याच्या बिलाच्या वेळापत्रकानं. पूर्वेकडचे माण, खटाव, आटपाडी, जत पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाशी झुंजलेले. तिथं शेळ्यामेंढ्या आहेत आणि जनावरांच्या यात्रा आहेत. खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलांचा बाजार भरतो तेव्हा जो माणूस तुमचा कृषिपंप किंवा पशुखाद्य बघेल, तो इस्लामपूरच्या शोरूममध्ये येणाऱ्या माणसाहून वेगळा आहे. जतच्या कित्येक गावांत घरात कन्नड बोलली जाते. साताऱ्याचं तोंड पुण्याकडे, सांगलीचं कोल्हापुराकडे आणि मिरजेचं दवाखान्यांमुळे थेट उत्तर कर्नाटकाकडे. जी संस्था पहिल्याच भेटीत पडद्यावर ‘पश्चिम महाराष्ट्र’ असा एकच रंगवलेला नकाशा दाखवते, तिला हे ठाऊक नाही. ती पुण्याची असो वा सांगलीच्या विश्रामबागेतली, तिला नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा.

मग ठेवायची कुणाला? जी दाखवण्याआधी विचारते तिला. पहिल्या भेटीत कोण किती बोललं ते आठवून पाहा. संस्थेचा माणूस तासभर आपल्या जुन्या कामांची छायाचित्रं दाखवत असेल, तर तो विकायला आलाय. ‘तुमचा माल परत कोण पाठवतं? का पाठवतं? तुमच्या डीलरला तुमच्यापेक्षा कुणाचा माल विकण्यात जास्त सुटतं?’ असं विचारणारा शिकायला आलाय. अशा माणसाला घेऊन एक दिवस डीलरकडे जा. तिथं तो दुकानदाराशी बोलतो की त्याच्या दुकानाचे फोटो काढतो, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

तुमचं काम प्रत्यक्ष कोण करणार, हे नाव घेऊन विचारा. मोठ्या संस्थेचे साहेब करार करायला येतात आणि पुढं काम नुकत्याच चिकटलेल्या मुलाकडे जातं, हे नेहमीचंच. तुमची उलाढाल त्या संस्थेच्या हिशेबात अगदी चिल्लर असेल तर तुमच्याकडे लक्ष जाणार नाही. उलट, तिची अर्धी कमाई तुमच्यावरच चालत असेल तर ती तुम्हाला कधी ‘नाही’ म्हणणार नाही. आणि ‘नाही’ म्हणू शकणारी संस्था हवी असेल, तर तिनं सोडलेल्या किंवा तिला सोडून गेलेल्या एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलून या. खूश गिऱ्हाइकांची नावं सगळेच देतात.

‘आधी दोन डिझाईन करून दाखवा, आवडलं तर बघू’ ही आपली लाडकी अट. पाच संस्थांना ती घालायची, पाचांकडून फुकट कल्पना घ्यायच्या आणि सगळ्यात स्वस्त संस्थेकडून दुसऱ्याची कल्पना करून घ्यायची. अंगाचं माप न देता सदरा शिवून आण, बसला तर पैसे देतो, असं कुणी शिंप्याला सांगत नाही. माप न घेता शिवलेला सदरा बसला, तरी तो योगायोगच असणार. कल्पनेची परीक्षा घ्यायचीच असेल, तर दोनच संस्था निवडा, दोघींना सारखी माहिती द्या आणि त्या परीक्षेचे पैसे मोजा. रक्कम लहान असली तरी चालेल. तेवढ्यानं संबंधाचा सूर बदलतो.

लहान शहरात आणखी एक अडचण येते. चांगल्या संस्था मोजक्या असतात आणि त्यांच्यापैकी प्रत्येकीकडे तुमचा प्रतिस्पर्धी आधीच असतो. एकाच गल्लीतल्या तीन सराफांचं काम एकाच टेबलावर होतं. यावर ‘त्याचं काम सोडा’ असा हट्ट धरण्यापेक्षा, काम करणारी माणसं वेगळी ठेवा आणि आमचे भाव, योजना बाहेर जाणार नाहीत असं लिहून द्या, हा व्यवहार्य मार्ग. तेवढंही जमणार नसेल, तर थोडं लांबचं गाव बरं.

वैद्यापाशी पोटातलं सांगावं

संस्था निवडली. पुढं सगळ्यात मोठी जबाबदारी मालकाची, आणि ती म्हणजे खरं सांगणं.

तासगावचा एक कल्पित बेदाणा व्यापारी घेऊ. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दोन वर्षांनी सांगलीच्या हळदीलाही मिळालं. व्यापारी संस्थेला सांगतो: ‘आमचा माल एक नंबर. मानांकन आहे. तेच मोठ्या अक्षरांत टाका.’ संस्था टाकते. मुंबईतल्या बाईंना मानांकन म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्यांच्या मनात वेगळेच प्रश्न असतात: यात काड्या किती निघतील, धुवावा लागेल का, हा एवढा हिरवा रंग कशानं आला? या प्रश्नांची उत्तरं व्यापाऱ्याकडे तयार असतात, कारण काड्या काढायला त्यानं मशीन बसवलंय. पण त्याच्या लेखी ते शेडमधलं रोजचं काम. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. मी ज्याला रंगांधळेपण म्हणतो ते हेच.

म्हणून संस्थेला द्यायचा कागद एका पानाचा असावा आणि त्यात विशेषणं नसावीत. घेणारा कोण, तो आज काय घेतो, आपल्याकडे यायला तो का कचरतो, आपला माल त्याचं नेमकं काय भलं करतो, त्याचा पुरावा काय, आणि वर्षअखेर कोणता आकडा बदललेला दिसला की आपण खूश होऊ. एवढं पुरे. आणि पानाच्या तळाशी एक ओळ अशी हवी, जी मालकाला लिहायला जिवावर येते: गेल्या वर्षी तक्रारी कशाच्या आल्या. वैद्यापासून पोटातलं लपवलं तर औषध दुसऱ्याच रोगाचं मिळतं.

आपल्या दोन जिल्ह्यांत या नजरेनं बघावीत अशी घरंदाज उदाहरणं आहेत. भिलवडीच्या चितळ्यांनी १९३९ साली दुधाचा धंदा सुरू केला. पुढं पुण्यात मिठाईचं दुकान निघालं, बाकरवडी घरोघर गेली आणि दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं, हा अवघ्या महाराष्ट्राचा विनोद झाला. आपल्या दुकानाचं गुणगान लिहायला बसलेल्या कुठल्याही मालकानं ‘आम्ही दुपारी बंद असतो’ हे त्यात घातलं नसतं. लोकांनी मात्र त्या बंद दाराचा संबंध मालाच्या शिस्तीशी लावला. पाचगणीत १९५९ साली किशोर व्होरांनी मॅप्रो हा फळप्रक्रियेचा उद्योग सुरू केला. तिथल्या बागेत पर्यटक येतो, चाखतो आणि पिशवी भरून नेतो. तिथं जाहिरात म्हणून उभी आहे ती एक जागाच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कितीही रंगवून सांगितली, तरी तिची खात्री जिभेवरच पटते. चांगली जाहिरात संस्था अशा वेळी ‘होर्डिंग नको, बाक टाका’ असं सांगते. पण तसं सांगितल्यावर तिचं कमिशन बुडत असेल, तर ती तसं सांगणार नाही. फिरून आपण पोळी आणि टाळीपाशी येतो.

होर्डिंगवरचं एकत्र कुटुंब

आपल्याकडचे बहुतेक उद्योग घरचे. त्यामुळे जाहिरात मंजूर होते ती देवघरापासून माजघरापर्यंत फिरून. दादांना वर गणपती हवा, काकांना आजोबांचा फोटो हवा, धाकट्याला इंग्रजीत काहीतरी ‘स्टायलिश’ हवं, सूनबाईंना रंग जरा उठावदार हवा आणि हिशेबनीस म्हणतात, पैसे दिलेत तर पाचही शाखांचे फोन नंबर येऊ द्या. होर्डिंग लागतं. महामार्गावरून ताशी ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्याला त्यावर एकत्र कुटुंब दिसतं. विकायला काय आहे ते दिसत नाही.

इथं दोष संस्थेवर ढकलणं सोपं आहे. खरा दोष मालकाकडे जातो, कारण संस्थेशी बोलायला एकच माणूस असावा आणि घरातली भांडणं त्यानं घरात मिटवून मग तिथं जावं, ही शिस्त त्याला पाळता येत नाही. संस्थेनं काही दाखवलं, की ‘आवडलं का’ हा प्रश्न सोडून ‘त्या एका पानात लिहिलेल्या माणसाला हे कळेल का’ असं विचारायचं. मालकाची आवड जाहिरातीला बाधते. तो तर ती जाहिरात बघून माल घेणार नसतो. डेव्हिड ओगिल्वी या इंग्रज जाहिरातकारानं १९६३ साली आपल्या धंद्यावर पुस्तक लिहिलं, त्यात चांगलं गिऱ्हाईक कसं व्हावं यावर एक आख्खं प्रकरण घातलं. जाहिरातकारानं आपल्या अशिलांना धडे द्यावेत हे तेव्हा धारिष्ट्याचंच होतं. त्यातला पहिलाच मुद्दा संस्थेच्या मनातली भीती काढून टाकण्याचा आहे.

भीती काढली की काय होतं, त्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण आणंदचं आहे. १९६६ साली अमूल लोण्याच्या जाहिरातीचं काम जाहिरातकार सिल्व्हेस्टर डा कुन्हा यांच्याकडे आलं. ठिपक्यांच्या फ्रॉकातली ती मुलगी त्यातून जन्मली. ताज्या घडामोडींवरची होर्डिंगं आधी दाखवून मंजुरी घ्यायला येऊ नका, अशी मोकळीक अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी दिली. एरवी आपल्या मताला कुरियन किती ठाम असत, हे सहकारात वावरलेल्या आपल्या लोकांना सांगायला नको. लोण्याच्या चवीवर तडजोड न करणाऱ्या माणसानं होर्डिंगवरच्या शब्दाचा हट्ट सोडला. पिढी बदलली तरी ते नातं टिकून राहिलं. आपल्याकडचे दूध संघ अमूलचा दर, अमूलचं संकलन, अमूलचं पाकीट बघतात. हा हात सैल सोडायचा गुण कुणी फारसा उचललेला दिसत नाही.

कागद आणि कायदा

मोकळीक म्हणजे मोघम व्यवहार नव्हे. आपल्याकडे जाहिरातीचं काम ‘घरचंच आहे’ म्हणून तोंडी चालतं आणि फाटलं की मग कोर्टाची पायरी दिसते. दोन गोष्टी तरी लिहून घ्याव्यात.

पहिली, काम कुणाच्या मालकीचं. पैसे दिले म्हणजे ते आपोआप आपलं झालं, हा समज सरसकट खरा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा, चित्राचा किंवा चित्रफितीचा हक्क, वेगळं ठरलेलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. लिहिलेल्या मजकुराचं तसं नाही. त्याचा हक्क लेखी करारानं घ्यावा लागतो, आणि त्या करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरताच. पेढ्याच्या खोक्यावरचा मजकूर पाच वर्षांनी परका होऊ शकतो, हे कुठल्या हलवायाला माहीत असतं? हाच नियम फेसबुकच्या पानाला आणि वेबसाइटच्या नावाला लावा. खातं संस्थेच्या ईमेलवर उघडलेलं असेल, तर वाट वेगळी झाल्यावर जमवलेली हजारो माणसं संस्थेबरोबर जातात. खातं आपल्या नावावर, चालवायला संस्था, असं पहिल्या दिवशीच ठरवा.

दुसरी, काय सांगायचं नाही. सांगलीच्या हळदीची पूड विकणाऱ्याला मधुमेह, कर्करोग असले शब्द जाहिरातीत घालायचा मोह होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर हळद सगळं बरं करते. १९५४ च्या औषधी आणि चमत्कारी उपाय कायद्यानं अशा रोगांच्या उपचाराच्या जाहिरातींना मनाई आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मालक ‘टाका हो, कोण बघतंय’ म्हणतो तेव्हा ‘नाही टाकणार’ म्हणणारी संस्था तुमच्या पैशांचं चीज करत असते. त्या दिवशी तिच्यावर रागवायचं नसतं.

फरक मोजायचा कसा

जाहिरातीनं फरक पडला की नाही हे आपल्याकडे पाहुण्यांच्या लग्नात ठरतं: ‘परवा तुमची जाहिरात बघितली हं.’ यात मालक सुखावतो, माल खपला की नाही ते कळत नाही. आपल्या जिल्ह्यांच्या त्या फाटलेल्या भूगोलाचा इथं उपयोग करता येतो. माण-खटावात जाहिरात चालवा, आटपाडीत थांबवा. पाऊसपाणी, बाजार, गिऱ्हाईक बरंचसं सारखं. तीन महिन्यांनी दोन्हीकडच्या डीलरांचे आकडे शेजारी ठेवा. तपास काटेकोर नसेल, पण लग्नातल्या शेऱ्याहून शंभर पटींनी बरा. काउंटरवर एक वही ठेवा आणि नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचं नाव कुठं ऐकलंत’ एवढंच विचारून लिहा. ही वही संस्थेला दर महिन्याला दाखवा. आकडे लपवणाऱ्या मालकाला संस्थेला जबाबदार धरता येत नाही.

आणि घाई नको. दर वर्षी संस्था बदलणाऱ्याच्या घरात दर वर्षी नवी घोषणा येते. गिऱ्हाइकाला त्यातली एकही आठवत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटा नाही. ‘आमच्या पोराला मोबाइलवर सगळं येतं, संस्था कशाला?’ माल पुरत नाही अशी मागणी असेल, तर खरंच नको. मालात खोट असेल तर आधी ती काढा. जाहिरातीनं खोट चार गावांत लवकर पोचते एवढंच. आणि शं. वा. तरी कोण होते? घरचाच पुतण्या. घरातल्या माणसालाही बाहेरचे डोळे असू शकतात. पण मग शं. वां.ना जे मिळालं ते त्या पोराला द्यावं लागेल.

त्यांना काय मिळालं? नांगरांच्या कारखान्याच्या त्या पत्राला नांगरांपलीकडचं बोलू देण्यात आलं. ‘खबर’ पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ निघालं, १९३४ साली ‘मनोहर’. अंधश्रद्धेवर, बायकांच्या प्रश्नांवर, जुनाट रूढींवर त्यांत लिहिलं गेलं. त्यातलं काही नांगर घेणाऱ्या एखाद्या पाटलाला नक्कीच बोचलं असणार, आणि ‘तुम्ही लोखंडाचं बघा, आमच्या घरात डोकावू नका’ अशी पत्रंही वाडीला आली असतील. नफ्यातोट्याच्या वहीत याचा हिशेब कसा मांडायचा? तरीही काकांनी पुतण्याचा हात धरला नाही. ज्यांच्या घरात सात पिढ्यांत कुणी नांगर धरला नव्हता, अशा घरांत मग दर महिन्याला पोस्टमन किर्लोस्कर हे नाव पोचतं करू लागला, आणि घरातल्या बायका अंक आधी कुणी वाचायचा यावरून भांडू लागल्या.